माझ्या आजोबांच्या नावाचा रस्ता

आमच्या गावात बसथांब्यापासून आठवडी बाजारापर्यंत जो रस्ता जातो, त्याला माझ्या आजोबांचं नाव लागणार होतं. ते लागलं नाही ते माझ्या मायच्या एका वाक्यामुळे. आणि मायला ग्रामसभेत बोलायला मीच उभं केलं होतं. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले. गावात कोणी तो विषय काढत नाही. माझ्या मनातून मात्र तो जात नाही, म्हणून एकदा पहिल्यापासून लिहून काढते.

वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथंच राहतात. रस्ता जेमतेम अर्ध्या किलोमीटरचा. एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला शाळा, मध्ये एक जुनी बांधीव विहीर. थांब्याजवळ लोखंडी पाटी होती, तिच्यावर रावसाहेबांचं नाव. रावसाहेब ही इंग्रजांनी दिलेली पदवी होती, पण गावात सगळे त्यांना तेवढंच म्हणत. शाळेची जागा त्यांनी दिली. पाण्याचे हाल होते तेव्हा विहीर त्यांनी खणवली. या गोष्टी खऱ्या आहेत. मी त्याच शाळेत सातवीपर्यंत शिकले, तिथून पुढे मास्तरीण झाले आणि तीस-बत्तीस वर्षं जऊळक्याच्या बाजूच्या शाळांतून शिकवलं.

रावसाहेबांची दुसरी बाजू आमच्या वस्तीला ठाऊक होती, पण ती कुठल्या पाटीवर नव्हती. त्यांच्या वेळी आमच्या माणसांना त्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. बायांनी लिंबाखाली घागरी मांडून उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून ओतायचा. आमचे पुरुष त्यांच्याकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारे. माझे आजोबा, मायचे वडील, हेही त्यांतलेच. आम्ही त्यांना आबा म्हणत असू.

आबांनी पुढं सालदारकी सोडली. गावात दीक्षा घेणाऱ्यांत ते पहिले. मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं त्यांनी वस्तीला सांगितलं आणि त्यासाठी मारही खाल्ला. पोरींना शाळेत घाला म्हणून ते घरोघर फिरत. वस्तीतलं विहार त्यांच्या हातून उभं राहिलं. विहारात त्यांचा फोटो होता, काळी टोपी घातलेला, गळ्याशी गुंडी लावलेला. मी मास्तरीण झाले तेव्हा त्यांनी माझ्या पहिल्या शाळेपर्यंत माझ्यासोबत चालत यायचा हट्ट धरला होता. वय झालेलं, दम लागत होता, तरी आले आणि शाळेच्या फाटकातूनच परत गेले.

जातीवरून पडलेली वस्त्यांची नावं बदला, असा सरकारी आदेश आला तेव्हा या सगळ्याला सुरुवात झाली. आमच्या वस्तीचं नाव बदललं, त्याला कोणी विरोध केला नाही. त्याच बैठकीत माझ्या धाकट्या भावानं हात वर करून विचारलं, "मंग रस्त्याचं काय?"

भाऊ वीज खात्यात लाइनमन होता, नुकताच निवृत्त झालेला. गावातच राहायचा, माय त्याच्याकडे. मी वाशीमला, दर रविवारी मायला भेटायला यायची. भावानं अर्ज लिहिला की ज्या माणसानं आमच्या बायांना पाण्यासाठी तिष्ठत ठेवलं त्याचं नाव काढा आणि ज्यानं गावाला माणुसकी शिकवली त्याचं लावा. त्यानं आबांचं नाव सुचवलं होतं. वस्तीतल्या सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली, आणि खरं सांगायचं तर सही करताना मला फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या बाजूनंही अर्ज पडला. रावसाहेबांच्या घरचं गावात कोणी उरलं नव्हतं, नातवंडं बाहेरगावी. पण दुकानदार होते, जुनी घरं होती, आणि त्यांच्या वतीनं बोलणारे आमचे गुरुजी होते. या गुरुजींनी मला मराठी शिकवलं. माझ्या अक्षराला त्यांनी वळण लावलं. ते भावाला म्हणाले, "अरे, तुझी बहीण ज्या शाळेत शिकली ती जागा कोणाची? रावसाहेबांनी कोणावर हात उचलला असं एक तरी उदाहरण दाखव. उगाच मेलेल्या माणसाला दोष देऊ नका."

भाऊ चिडून माझ्याकडे आला. "उदाहरण पाह्यजे म्हन्ते गुरुजी. आता कोन जित्तं हाय सांगाले?"

तेव्हा मी ते बोलून गेले. "मायला विचार," मी म्हटलं.

मी पाचवीत असताना विहीर सगळ्यांना मोकळी झाली होती. वस्तीतल्या सगळ्या बाया तिथं जात. माय मात्र दूरच्या हापशीवर जायची, उन्हातान्हात, दोन गुंड, म्हणजे पाण्याची भांडी, घेऊन. एकदा मी विचारलं, माय, तू विहिरीवर काहून जात नाहीस? ती म्हणाली, "तुह्या मोठ्या मावशीनं तिथं पानी काढलं होतं. तिले मारलं." मला मोठी मावशी होती हेच मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी आणखी विचारू लागले तर तिनं मला गोवऱ्या आणायला पाठवलं. पुन्हा कधी तो विषय निघाला नाही. मारलं ते रावसाहेबांच्या माणसांनी, असं मी माझ्या मनानंच धरून चालले.

हे मी भावाला सांगितलं आणि त्याचा चेहरा उजळला. आम्ही दोघं मायपुढे बसलो. ती तूर निवडत होती. तिचं वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तरी निवडण-टिपण ती कोणाला देत नसे.

"कायले उकरून राह्यले तुमी ते?" ती म्हणाली. "मरून गेली ती. तो बी मेला."

भाऊ म्हणाला, "माय, आबाचं नाव लागनार हाय रस्त्याले. तुह्या बापाचं. तू दोन शब्द सांगतले का झालं."

ती तूर निवडत राहिली. मग मी बोलले. आयुष्यभर पोरांना समजावण्याचं काम केलेलं, कुणाला कुठं धरायचं ते मला येतं. मी म्हटलं, "माय, तू नाही बोललीस तर मावशी होती हे जगात कोणालाच कळणार नाही. तिचा फोटो नाही, कागद नाही. तू गेल्यावर ती नव्हतीच असं होईल."

मायचे हात थांबले. "बोलतो," ती म्हणाली, "पन मी अर्धं नाई बोलनार. बोलाले लागली का सगळं बोलीन."

"सगळंच बोल," मी म्हटलं. त्या वाक्यात ती मला काही विचारत होती, हे मला समजलं नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली, कारण पंचायतीची खोली पुरणारी नव्हती. सकाळची वेळ, शाळेला सुट्टी. एका बाजूला आमची वस्ती, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ, मध्ये आपोआप जागा सुटलेली. भाऊ चांगला बोलला. गुरुजी त्याहून चांगले बोलले. मग सरपंचबाईंनी मायचं नाव पुकारलं. मी तिला हाताला धरून माइकपर्यंत नेलं. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं आणि डोळे पुसून पुसून लाल करून घेतले होते.

ती हळू बोलत होती, पण पटांगण इतकं शांत झालं की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होतं.

"मी आठ-नऊ वर्साची असन," ती म्हणाली. "माही मोठी बहीन चौदाची. घरी लहान भाऊ तापानं फनफनत होता आन् मडक्यात पानी नोतं. आमी दोघी सकाळपासून लिंबाखाली उभ्या. त्या दिवशी कोनाच्या तरी घरी लगन होतं, बाया सगळ्या तिकडे. पानी वाढाले कोनीच नाई. ऊन डोक्यावर आलं. मंग बहीन म्हने, मी काढतो. मी म्हनलं, नको वं. पन ते गेली आन् तिनं पोहरा सोडला. घागर अर्धी भरली असन तवा कोनं तरी पाह्यलं. मंग रावसाहेब आले. तिले मारलं."

ती थांबली. आमच्या बाजूनं कोणीतरी हुंदका दिला. भावानं माझ्याकडे बघितलं, झालं आपलं काम, अशा नजरेनं.

गुरुजी उठले. त्यांच्या आवाजात आदर होता, हे मला सांगितलंच पाहिजे. ते म्हणाले, "बाई, फार वाईट झालं. पण एवढं स्पष्ट सांगा. मारलं कोणी? रावसाहेबांनी स्वतः, की त्यांच्या माणसानं?"

मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, सांग म्हणून.

"रावसाहेबाईनं हात नाई लावला," ती म्हणाली. "माह्या बापानं मारलं."

त्यानंतर जो गलका उठला तो मला आजही ऐकू येतो. बाजारपेठेच्या बाजूनं कोणीतरी मोठ्यानं हसलं. आमच्या बाजूची माणसं उभी राहिली. कोणीतरी माइकचं बटन बंद केलं. माय पुढं बोलतच होती, तिचे ओठ हलताना मला दिसत होते. मी शेजारी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"रावसाहेबाईनं बापाले वावरातून बलावलं. कठड्यावर बसले आन् म्हने, तुही पोरगी हाय, तूच समजाव तिले. दोर देल्ला त्याच्या हातात. विहिरीचाच होता, वला. बाप मारत राह्यला. रावसाहेब पुरे म्हने तवा तो थांबला."

हे मी ऐकलं, सरपंचबाईंनी कदाचित ऐकलं, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या एका दुकानदारानं ऐकलं. बाकी कोणी नाही. सभा तिथंच आटोपली. विषय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

सभेचं चित्रण कोणीतरी मोबाइलवर केलं होतं. दुपारपर्यंत ते सगळ्या गावात फिरलं, पण तेवढाच तुकडा. गुरुजींचा प्रश्न, मायचं उत्तर, आणि संपलं. मालेगावच्या बसमध्ये एका अनोळखी माणसाच्या फोनवर मी मायचा आवाज ऐकला. तो शेजारच्याला सांगत होता, "बुढीनं आपल्या बापालेच उघडं पाडलं."

वस्तीत लोक आम्हाला टाळू लागले. एक म्हातारे गृहस्थ घरी येऊन भावाला म्हणाले, घरातलं घरात ठेवायचं असतं, आता पोरं आम्हाला विचारतात, ज्याचा फोटो विहारात आहे त्यानं पोरीला दोरानं मारलं का? फोटो भिंतीवरून कोणी काढला नाही. पण त्याचा हार सुकला आणि दुसरा आला नाही. माय दर पौर्णिमेला विहारात जायची. पुढच्या पौर्णिमेला ती गेली तर तिच्या शेजारी बसलेल्या दोघी उठून पलीकडे बसल्या. त्यानंतर ती गेली नाही.

भाऊ सगळ्यांत जास्त दुखावला. तो पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एक दिवस, मी तिथं असताना, जेवता जेवता त्यानं ताट बाजूला सारलं. "एवढंच एक वाक्य गाळता नाई आलं तुले? 'मालूम नाई' म्हनलं असतं तरी चाललं असतं."

"गुरुजीनं इचारलं मले," माय म्हणाली. "सगळ्या गावासमोर, शाळेत. तिथं खोटं बोलू?"

"मंग आधी काहून नाई सांगतलं आमाले?"

"तुमी इचारलंच कुठं," ती म्हणाली. "तुमाले तं मालूमच होतं सगळं."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, हे ती त्याच्यापेक्षा मलाच बोलली.

त्या रविवारी मी वाशीमला परत गेले नाही. दुपारी आम्ही दोघीच घरात. मी तिच्या पायांना तेल लावत होते आणि ती आपणहून बोलायला लागली. मारल्यानंतर महिनाभरात मावशीचं लग्न लावून दिलं. जऊळक्याच्या पलीकडे, रेल्वे रुळाच्या पल्याडचं गाव. नवरा बिजवर. आबा त्या दिवसापासून मावशीशी बोलले नाहीत. तिला निरोप द्यायलाही ते घरात नव्हते, वावरात जाऊन बसले होते. वर्षभरात पहिल्या बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं. निरोप तिसऱ्या दिवशी आला.

"राग होता का त्यांना तिचा?" मी विचारलं.

"राग?" माय म्हणाली. "तिच्याकडे पाह्यता येत नोतं त्याले. लाज वाटे. मी लहान होती तरी मले समजे. ते सामने आली का तो मान खाली घाले. ते बिचारी समजे का बाप अजून रागावला हाय. तशीच गेली."

मग ती म्हणाली, आबांनी सालदारकी सोडली ती मावशीच्या मरणाचा निरोप आला त्याच आठवड्यात. धाकटीला, म्हणजे मायला, त्यांनी गावाबाहेर दिलं नाही. मायवर किंवा मामांवर त्यांनी पुन्हा कधी हात उचलला नाही. म्हातारपणी आबा मला कधी कधी भलत्याच नावानं हाक मारत. आम्ही हसायचो, आबांचं विसरणं वाढलं म्हणून. ते नाव मोठ्या मावशीचं होतं. हे मला साठीत कळलं.

"माय, रस्त्याला आबांचं नाव लागणार होतं, हे तुला कळत होतं ना?"

"कळत होतं."

"मग?"

तिनं पाय आखडून घेतले. "चांगला मानूस होता माहा बाप. पन तिनं कुठं पाह्यलं ते चांगलं? त्याचं चांगलं सगळं तिच्या मांगून आलं. त्या विहिरीच्या रस्त्याले त्याच्या नावाची पाटी लागली असती तं रोज तिच्याखालून मलेच जा लागलं असतं, बाई."

आबांच्या हातात दोर देणाऱ्याचं नाव त्या रस्त्याला होतं आणि ज्याच्या हातात तो दिला गेला त्याचं लागणार होतं. ज्या पोरीनं पाणी काढलं तिचं नाव सुचवायचं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी तर तिला उदाहरण म्हणूनच बाहेर काढलं होतं.

पुढच्या आठवड्यात तो दुकानदार घरी आला, सभेत पहिल्या रांगेत बसलेला. जैन घर, तीन पिढ्यांचं धान्याचं दुकान, विहिरीच्या अगदी समोर. वस्तीत तो सहसा येत नसे. आत या म्हटलं तरी अंगणातच खुर्चीवर बसला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला. मग मायला म्हणाला, "काकू, तुम्ही त्या दिवशी शेवटी जे सांगितलं ते मी ऐकलं. ते खरं आहे. माझ्या आईनं पाहिलं होतं, आमच्या ओट्यावरून. ती सांगायची मला. रावसाहेब कठड्यावर बसून पान खात होते म्हणे. आई त्या दिवशी जेवली नव्हती."

मी विचारलं, "मग सभेत का नाही बोललात?"

तो खाली बघत म्हणाला, "बाई, माझं दुकान त्याच रस्त्यावर आहे. गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे."

मला संताप आला. मी म्हटलं, निदान आता लिहून द्या, पुढच्या सभेत वाचू. विचार करतो म्हणाला. मायनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. त्यानं चहा घेतला. जाताना तो मायच्या पायाशी वाकला. "तुमी येऊन सांगतलं," माय म्हणाली, "पुरे झालं." त्यानं लिहून कधीच दिलं नाही. मी दोनदा दुकानात जाऊन आले. दोन्ही वेळा त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि विषय टाळला.

दिवाळीनंतर माय म्हणाली, "मले तिच्या गावाले घेऊन चाल." इतक्या वर्षांत ती तिथं कधीच गेली नव्हती. मी वाशीमहून रिक्षा ठरवली. जऊळक्याचं फाटक बंद होतं, मालगाडी जाईपर्यंत आम्ही उभ्या होतो. माय डबे मोजल्यासारखी बघत होती. त्या गावात मावशीच्या सासरचं घर सापडलं, पण तिथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं. एक म्हातारा पडवीत बसला होता, मावशीच्या नवऱ्याचा पुतण्या. तो म्हणाला, "काकाची पह्यली बायको मेली होती म्हने. आमी नाई पाह्यली." कुठं पुरलं, हे विचारल्यावर त्यानं नाल्याकडे हात केला. तिकडे आता वावरं होती, सोयाबीन निघालेलं, काळी मोकळी जमीन.

माय बांधापर्यंत गेली. मी तिला धरून उभी. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. ती त्या मोकळ्या वावराकडे बघत म्हणाली, "तुह्यावर नोता वं तो रागावला." मग आणखी एकदा तेच म्हणाली, जरा मोठ्यानं. शेजारच्या वावरात एक बाई काड्या वेचत होती, तिनं मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आम्ही रिक्षात येऊन बसलो. वाटेत मायनं भजी खायची इच्छा दाखवली आणि फाट्यावर दोन भजी खाल्ली.

त्याच हिवाळ्यात ती गेली. आजारी फार नव्हती, आठ दिवस अंथरुणाला होती. भाऊ त्या आठ दिवसांत तिच्या उशापासून हलला नाही. तिला चमच्यानं पाणी पाजायचा, अंग पुसायचा. पण त्या विषयावर दोघं एकमेकांशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. तो बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले. तीही बहुधा पाहत होती. तो खोलीत आला की तिची नजर त्याच्यामागं फिरायची. तिला न्यायला वस्तीतली सगळी माणसं आली, त्या दोघी बायासुद्धा. गुरुजी काठी टेकत आले आणि अंगणाच्या कडेला उभे राहिले. मी पाया पडले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

रस्त्याचं पुढं काही झालं नाही. दोन सभा तहकूब झाल्या, तिसरीत विषयच आला नाही. नंतर सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. खोदकामात पाटी उखडली, ती पंचायतीच्या मागं भिंतीला टेकवून ठेवली आहे असं ऐकलं. परत कोणी बसवली नाही, नवीही लावली नाही. लोक पूर्वीही बाजाररस्ता म्हणत, आताही तेच म्हणतात.

मायचा मृत्यूचा दाखला काढायला मी आणि भाऊ पंचायतीत गेलो. ग्रामसेवकानं फॉर्म भरायला घेतला आणि पत्ता विचारला. तिच्या आधार कार्डावर रावसाहेबांच्या रस्त्याचंच नाव होतं. आमची वस्ती त्या रस्त्याच्या टोकाला, म्हणून सगळ्यांचे कागद त्याच पत्त्याचे. मी भावाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा भांडेल.

"आधारवर हाय तसं लिहा," तो म्हणाला.

दाखला घेऊन आम्ही थांब्यावर आलो. वाशीमची बस यायची होती. बाकावर शेजारी शेजारी बसलो. त्यानं दाखला घडी घालून पिशवीत ठेवला, पुन्हा काढून पाहिला, पुन्हा ठेवला.

"ताई," तो म्हणाला, "मावशीचं नाव काय होतं?"

मी सांगितलं. त्यानं ते एकदा हळूच म्हणून पाहिलं. बस आली तेव्हा त्यानं माझी पिशवी चढवून दिली आणि खाली उभा राहून खिडकीतून म्हणाला, पुढच्या रविवारी ये, मी घरीच आहे.